ओझं न उचलता काम: कंबर, हर्निया किंवा गुडघ्याचा त्रास असताना नोकरी कशी शोधावी

‘जड काम करू नका’ एवढंच डॉक्टर सांगतात आणि दुसऱ्या दिवसापासून माणूस नोकरीच्या जाहिराती चाळायला लागतो. अडचण अशी की जाहिरातीत वजन लिहिलेलं नसतं. ‘हेल्पर पाहिजे’, ‘स्टोअर असिस्टंट पाहिजे’, ‘केअरटेकर पाहिजे’ एवढंच असतं, आणि रुजू झाल्यावर तिसऱ्या दिवशी कळतं की संध्याकाळी गाडी खाली करायला सगळ्यांनीच हात लावायचा असतो. म्हणून पदाच्या नावावरून काम निवडू नका. दिवसभरात काय उचलायचं, किती वेळा उचलायचं आणि कुठून कुठे ठेवायचं, यावरून निवडा.

आधी वजनाचा अंदाज पक्का करा. सिमेंटची गोणी ५० किलोची. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर जवळपास ३० किलोचा, कारण १४.२ किलो गॅस आणि वर तितक्याच वजनाची टाकी. पाण्याचा मोठा जार २० लिटरचा, म्हणजे प्लास्टिक धरून २० किलोच्या वर. तेलाचा डबा १५ किलोचा. डॉक्टरांनी १० किलोची मर्यादा घातली असेल तर ऑफिसात पाण्याचा जार चढवणंही तुमच्या कामात बसत नाही, आणि ‘ऑफिस बॉय’कडून ते रोज करून घेतलं जातं.

किलो ही अर्धीच गोष्ट झाली. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचं वजन उचलण्याबद्दलचं एक गणित जगभर वापरलं जातं. सगळं अनुकूल असेल, म्हणजे वस्तू अंगाजवळ, कमरेच्या जरा खालच्या उंचीवर, वळायचं नाही आणि क्वचितच उचलायची, तर निरोगी माणसासाठीही मर्यादा २३ किलो धरली आहे. तीच वस्तू शरीरापासून ५० सेंटिमीटर लांब धरावी लागली तर मर्यादा निम्म्यावर, साडेअकरा किलोवर येते. ती जमिनीवरून उचलायची असेल तर ९ किलोच्याही खाली. म्हणून पॅलेटच्या (माल रचायच्या फळीच्या) पलीकडच्या कोपऱ्यातून हात लांबवून काढलेला १२ किलोचा क्रेट हा टेबलावरून छातीशी धरून उचललेल्या २० किलोच्या पिशवीपेक्षा कंबरेला जास्त घातक ठरतो. आजारी कंबरेला तर यातली कुठलीच मर्यादा आपोआप लागू होत नाही. तुमची मर्यादा डॉक्टरच ठरवणार.

डॉक्टरांचा कागद नीट लिहून घ्या

‘अव्हॉइड हेवी वर्क’ असं लिहिलेली चिठ्ठी कारखान्यात काहीच उपयोगाची नसते. सुपरवायझरच्या हिशेबात १५ किलोची पेटी जड नसतेच. चिठ्ठीवर पुढच्या गोष्टी आकड्यांत लिहून मागा: एका वेळी जास्तीत जास्त किती किलो, ते अधूनमधून की वारंवार, पुढे वाकणं आणि कंबरेतून वळणं चालेल का, सलग किती मिनिटं उभं राहणं किंवा बसणं चालेल, जिने किती, दुचाकीवरून रोजचा प्रवास चालेल का, आणि ही बंदी किती तारखेपर्यंत. शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतरची बंदी बहुधा काही आठवड्यांची असते, तेवढ्यासाठी नोकरी बदलायची गरज नसते. मणक्याची गादी सरकून पायात मुंग्या येत असतील तर प्रश्न लांबचा आहे. कुठल्या वाटेनं जायचं ते या तारखेवर ठरतं.

एमआरआयचा रिपोर्ट घरी ठेवा. कंपनीला काय करता येईल आणि काय नाही एवढं सांगणारी चिठ्ठी पुरते.

राजीनामा द्यायच्या आधी

सर्वांत जवळची हलकी नोकरी बहुतेक वेळा सध्याच्याच ठिकाणी असते. एमआयडीसीत याला सगळे ‘लाइट ड्यूटी’ म्हणतात. ती तोंडी मागू नका. तोंडी मागितलेली लाइट ड्यूटी शिफ्ट बदलली की संपते. अर्जाच्या दोन प्रती काढा, एक द्या, दुसरीवर आवक शिक्का किंवा तारखेसह सही घ्या. मजकूर एवढाच पुरे:

‘मी पॅकिंग विभागात काम करतो. डॉक्टरांनी मला तीन महिने १० किलोपेक्षा जास्त वजन उचलण्यास व वारंवार वाकण्यास मनाई केली आहे. प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. या काळात मला लेबलिंग, स्कॅनिंग किंवा डिस्पॅचच्या नोंदींचे काम द्यावे, ही विनंती. ही कामे मला येतात.’

पर्यायी कामाचं नाव अर्जात तुम्हीच लिहायचं. ‘हलके काम द्यावे’ एवढंच लिहिलं तर ‘हलकं काम आमच्याकडे नाही’ असं उत्तर देणं सोपं जातं. कंत्राटदाराकडून लागलेले असाल तर अर्जाची एक प्रत मूळ कंपनीच्या एचआरलाही द्या.

ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, पगारातून कापला जात असेल (पगार २१,००० रुपयांपर्यंत असलेल्यांना तो लागू होतो), तर आजारपणाच्या रजेत सरासरी रोजंदारीच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. अट अशी की संबंधित सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. दुखापत कामावर झालेली असेल तर बरं होईपर्यंत ९० टक्के मिळतात, आणि कायमचं अपंगत्व राहिलं तर मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवून मासिक रक्कम देतं. यासाठी अपघाताची नोंद त्याच दिवशी व्हायला हवी. ‘आज घरी जा, उद्या बघू’ म्हणणाऱ्या सुपरवायझरचं ऐकलं की पुढे ती दुखापत घरची ठरते. ईएसआय नसेल तर नुकसानभरपाईचा दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करावा लागतो. या सगळ्यात पगार चालू असतानाच पुढची नोकरी शोधायला वेळ मिळतो, म्हणून आधी राजीनामा आणि मग चौकशी असा उलटा क्रम ठेवू नका. पाच वर्षं भरायला थोडेच महिने उरले असतील तर ग्रॅच्युइटीचाही हिशेब करा.

सरकारी आस्थापनेत असाल तर तुमची बाजू बरीच भक्कम आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २० प्रमाणे सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही आणि खालच्या पदावरही आणता येत नाही. जुनं काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर घ्यावं लागतं. माथाडी कामगारांनी टोळीतून नाव कमी करण्याआधी माथाडी मंडळाच्या कार्यालयात जाऊन भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि नोंदणीचं काय होतं ते विचारून घ्यावं. मुकादमाच्या सांगण्यावर सही करू नये.

आपल्याच धंद्यात, पण ओझ्याच्या बाजूला

हमाली, गोदाम, ट्रान्सपोर्ट किंवा बांधकामात दहा-पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला वाटतं की आता सगळं नव्यानं शिकावं लागणार. तसं नसतं. तुम्हाला माल ओळखता येतो, गाडी कशी भरली जाते ते माहीत असतं, चोरी आणि घट कुठे होते ते डोळ्यांना दिसतं. हे ज्ञान नव्या पदवीधराकडे नसतं आणि व्यापाऱ्याला त्याची गरज असते. म्हणून शोध इथूनच सुरू करावा.

वजनकाट्याचं काम घ्या. साखर कारखाने, खडी क्रशर, भंगाराचे व्यापारी, बाजार समित्यांचं आवार, महामार्गालगतचे धर्मकाटे, सगळीकडे काटा चालवणारा लागतो. गाडीचा नंबर टाकायचा, भरलेल्या गाडीचं वजन घ्यायचं, खाली होऊन परत आली की रिकाम्या गाडीचं घ्यायचं, निव्वळ वजन पावतीवर छापून येतं. एवढं आठवड्यात शिकता येतं. खरी पारख चूक पकडण्यात आहे: मागचं चाक काट्याच्या पट्टीबाहेर राहिलेलं, भरलेल्या वजनाच्या वेळी क्लीनर केबिनमध्ये आणि रिकाम्या वजनाच्या वेळी खाली उतरलेला, पावसानंतर चिखल बसून काटा शून्यावर नसलेला. गाड्यांवर काम केलेल्या माणसाला हे न शिकवता दिसतं, आणि मुलाखतीत हेच सांगायचं. काम बसून आहे. मात्र साखर कारखान्यात गाळप हंगामात रात्रपाळी अटळ असते आणि हंगाम संपला की काम उरेलच असं नाही, हे आधी विचारून घ्या.

बाजार समितीत हमालाच्या शेजारी तोलणार किंवा मापाडी असतो, अडत्याच्या गाळ्यावर हिशेब लिहिणारे मेहताजी असतात. तोलणाराला समितीचा परवाना लागतो. काट्यावर गोणी कोण चढवतं हे त्या त्या बाजारात जाऊन पाहा. काही ठिकाणी तोलणार फक्त वाचून लिहितो, काही ठिकाणी त्यालाही हात लावावा लागतो.

गोदामात डिस्पॅच क्लार्क, गेट एंट्री, इनवर्ड-आउटवर्डची नोंद, रिटर्न तपासणी, हँडहेल्ड स्कॅनरवर स्टॉक मोजणी ही कामं ओझ्याशिवाय होतात. डिस्पॅचला बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती), चलन (मालासोबतची यादी) आणि ई-वे बिल (जीएसटीचा ऑनलाइन काढलेला वाहतुकीचा कागद) यांतला फरक कळला पाहिजे. ५० हजारांपेक्षा जास्त किमतीचा माल राज्याबाहेर जाताना ई-वे बिल लागतं, आणि त्यात गाडीचा नंबर चुकला तर गाडी रस्त्यात अडते. हे एक वाक्य मुलाखतीत बोललात तरी समोरच्याला कळतं की हा माणूस कामाचा आहे. पिकर आणि पॅकर मात्र वेगळे. पिकर म्हणजे ऑर्डरप्रमाणे रॅकमधून माल काढणारा; तो दिवसभर चालतो, वाकतो, वरच्या रॅकमधून ओढतो. ते हलकं काम नाही.

कारखान्यात क्वालिटी तपासणीचं काम बरं. व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि गो-नो-गो गेज ही मापं तपासायची साधनं वापरता आली तर कमी शिक्षणावरही घेतात. एकच गोष्ट विचारा: तपासलेल्या भागांचा बिन कोण हलवतो? लोखंडी भागांनी भरलेला छोटा निळा क्रेटसुद्धा सहज १५-२० किलोचा होतो.

फोर्कलिफ्ट किंवा जेसीबी चालवणं अनेकांना सोपा मार्ग वाटतो. हर्निया किंवा खांद्याच्या त्रासात तो चालू शकतो, पण मणक्याच्या त्रासात नको. खडबडीत जमिनीवरचे हादरे आठ तास थेट कण्यात जातात, शिवाय मागे घेताना मान आणि कंबर सतत वळते. रिक्षा आणि दुचाकीवरच्या डिलिव्हरीलाही हेच लागू आहे. टेम्पोचालकाला तर बहुतेक ठिकाणी माल उतरवायलाही लावतात.

नाव हलकं, काम जड

पेशंट सांभाळण्याचं काम, मग तो वॉर्डबॉय असो, आया असो की घरी ठेवलेला केअरटेकर, हे सर्वांत फसवं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर वळवणं, व्हीलचेअरवर बसवणं म्हणजे ५०-६० किलो, तेही वाकून आणि वेडंवाकडं. कंबर गेलेल्या माणसानं या कामात पडू नये, पगार कितीही असो. रुग्णालयातच जायचं असेल तर केस पेपर, बिलिंग, रिसेप्शन किंवा विम्याच्या डेस्कवर जा.

पाळणाघरात मदतनीस म्हणून काम करताना १०-१२ किलोचं मूल दिवसातून वीस-तीस वेळा जमिनीवरून उचलावं लागतं. पोळी-भाजी केंद्रात पीठ मळणं आणि गरम पातेली उतरवणं असतं. पोळ्या लाटण्याचं टेबल कमरेच्या उंचीचं असेल आणि मळायला मशीन असेल तर प्रश्न बराच हलका होतो. किराणा दुकानात ‘काउंटर’ म्हणून घेतात आणि दुपारी माल आला की गोणी लावायला पाठवतात. सुरक्षा रक्षकाच्या कामात वजन नाही, पण बारा तास उभं राहणं असतं. कायद्याने त्याला १०० तासांचं वर्गातलं आणि ६० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण लागतं आणि शारीरिक तपासणीही असते. सीसीटीव्ही कंट्रोल रूम किंवा सोसायटीचं व्हिजिटर रजिस्टर अशी जागा मिळाली तरच ते घ्या.

शिवणकाम, मोबाइल दुरुस्ती, टेलिकॉलिंग, महा ई-सेवा केंद्रावरचं अर्ज भरण्याचं काम बसून होतं. बसणं म्हणजे आराम नव्हे, एवढं लक्षात ठेवा. सलग दोन तास वाकून शिलाई मशीनवर बसलं तर सरकलेली गादी तितकीच बोंबलते. दर अर्ध्या तासाला दोन मिनिटं उठता येणार आहे का, हे ओझ्याइतकंच महत्त्वाचं आहे. वसुलीचे कॉल करायचे नसतील तर टेलिकॉलिंगला जाताना ‘कॉल येणार की करायचे, आणि कशासाठी?’ हे स्पष्ट विचारा.

मुलाखतीत काय विचारायचं

‘काम जड आहे का?’ असं विचारू नका. उत्तर ‘नाही, नाही’ असंच येतं. असं विचारा:

– सर्वांत जड वस्तू कोणती, आणि ती दिवसातून किती वेळा हलवावी लागते?
– माल आला की गाडी कोण खाली करतं? हमाल किंवा टोळी ठरलेली आहे का?
– ट्रॉली, हँड पॅलेट ट्रक आहे का? चालू आहे का?
– ज्या दिवशी माणसं कमी असतात, त्या दिवशी हे काम कोण करतं?
– बसायला स्टूल आहे का?

चौथा प्रश्न सोडू नका. बहुतेक ठिकाणी रोजचं काम खरंच हलकं असतं आणि कंबर मोडते ती सणासुदीच्या आठवड्यात. शक्य असेल तर माल उतरवण्याच्या वेळेला त्या जागी जाऊन दहा मिनिटं उभं राहा. क्लार्क गोणी उचलताना दिसला तर उत्तर मिळालं.

आजाराबद्दल किती सांगायचं? सुरुवात आजारानं करू नका आणि बायोडेटात तो लिहू नका. काय येतं ते आधी सांगा, मग मर्यादा एका वाक्यात: ‘१० किलोपर्यंत उचलतो, त्यावर ट्रॉली लागते. बाकी नोंदी, मोजणी, गाड्यांची व्यवस्था सगळं बघतो.’ थेट विचारलं किंवा वैद्यकीय तपासणी झाली तर खोटं बोलू नका. लपवून मिळालेल्या नोकरीत पहिल्याच जड दिवशी नाही म्हणता येत नाही, आणि तिथेच दुखणं वाढतं.

बायोडेटात ‘हमाल, १२ वर्षे’ एवढंच लिहू नका. ‘कांदा-बटाटा गोदामात माल मोजणी, प्रतवारी, गाडी भरण्याची देखरेख, १२ वर्षे’ असं लिहा, अर्थात ते केलेलं असेल तरच.

दोन-तीन महिन्यांत काय शिकावं

बसून करायच्या कामांसाठी संगणक लागतो, यातून सुटका नाही. एमएस-सीआयटी साधारण तीन महिन्यांत होते आणि अनेक सरकारी व निमसरकारी पदांना ती मागतात. त्याच्या जोडीला एक्सेलमध्ये फिल्टर, बेरीज आणि व्हीलुकअप एवढं पक्कं करा. गोदामातली निम्मी कामं त्यावर चालतात. व्यापाऱ्याकडे जायचं असेल तर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिका. लिपिक-टंकलेखक पदाच्या परीक्षांना मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेगाचं शासकीय प्रमाणपत्र लागतं. ती परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. प्रमाणपत्र खासगी संस्थेचं घेऊन बसाल तर भरतीत ते चालणार नाही.

शाळा अर्धवट सुटलेली असेल तर आधी स्कॅनर, वजनकाटा किंवा ई-पॉस मशीनवरची कामं धरा. तिथे आकडे नीट वाचता-लिहिता येणं पुरतं.

शोधायचं कुठे

ओझ्याशिवायच्या जागा फार वेळा जाहिरातीत येतच नाहीत, ओळखीतून भरल्या जातात. ज्या गाळ्यांवर, ट्रान्सपोर्टमध्ये, कंपन्यांत तुम्ही माल पोचवला, तिथल्या मालकांना आणि डिस्पॅचवाल्यांना नेमकं पद सांगून विचारा. ‘काही काम असेल तर सांगा’ म्हटलं की हमालीच आठवते. ‘काट्यावर किंवा गेट एंट्रीला माणूस लागला तर सांगा’ म्हटलं की ते लक्षात राहतं.

सरकारी बाजूला राज्याचं महास्वयम आणि केंद्राचं एनसीएस (नॅशनल करिअर सर्व्हिस) ही नोकरीची दोन पोर्टल आहेत. दोन्हीवर नोंदणी मोफत आहे. नोंदणी करताना पदाच्या रकान्यात ‘हेल्पर’ किंवा ‘लोडर’ टाकू नका, नाहीतर मेसेज त्याच कामाचे येत राहतात. जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात प्रत्यक्ष जाऊन पुढचा रोजगार मेळावा कधी आहे ते विचारा. मेळाव्यात एचआरशी समोरासमोर बोलता येतं, वरचे प्रश्न तिथे विचारायला सोपे जातात.

अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी ४ टक्के आरक्षण आहे. नुसत्या कंबरदुखीवर एवढी टक्केवारी सहसा मिळत नाही. पाय कमजोर झाला असेल, शस्त्रक्रियेनंतर हालचाल कायमची कमी झाली असेल तर सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या. पैसे घेऊन टक्केवारी मिळवून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका, खोट्या प्रमाणपत्रावर गुन्हा दाखल होतो.

घरबसल्या कामाच्या जाहिरातींचा जोर अशाच गरजू माणसांवर असतो, आणि याची चीड यायलाच हवी. पेन्सिल पॅकिंग, कॅप्चा टायपिंग, हॉटेलांना रेटिंग देण्याचे टेलिग्रामवरचे ‘टास्क’, डेटा एंट्रीचा करार, यातली चाल एकसारखी असते: आधी नोंदणीचे थोडे पैसे, मग ‘तुमच्या कामात चुका निघाल्या, दंड भरा, नाहीतर कोर्टाची नोटीस येईल’. नोकरी देणारा तुमच्याकडून नोंदणी, गणवेश, लॅपटॉप डिपॉझिट किंवा ट्रेनिंगच्या नावानं पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त.

रुजू झाल्यावर

नियुक्तीपत्रात पद आणि विभाग लिहून घ्या. पगार किमान वेतनापेक्षा कमी नाही ना, ते तुमच्या परिमंडळाच्या आणि कुशल-अर्धकुशल वर्गवारीच्या चालू दराशी ताडून पाहा. महाराष्ट्रात विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. पहिल्या महिन्यात जड वस्तू समोर आली की लगेच, शांतपणे, ‘ट्रॉली आणतो’ किंवा ‘दोघं मिळून धरू’ म्हणा. पहिल्या आठवड्यात उचललेली गोणी पुढे तुमच्याच नावावर लागते.

रोज संध्याकाळी दुखणं कुठपर्यंत पोचतं त्याकडे लक्ष द्या. कंबरेतच राहत असेल तर बसण्याची उंची, विश्रांतीचा वेळ बदलून बघता येतं. मांडीतून पोटरीपर्यंत उतरायला लागलं तर काम चालू ठेवून बघू नका, डॉक्टरांकडे जा. दोन्ही पायांत बधिरपणा, जांघेत बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा जाणं यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोचा. तिथे काही तासांचा उशीरही कायमचा महागात पडू शकतो.